विश्लेषण : कोंबडीला किती जागा हवी? युरोपने सोडलेला ५५० चा आकडा भारतात चर्चेत का?

महाराष्ट्रात अंड्याचा विषय निघाला की चर्चा बहुतेक दोनच गोष्टींची होते. भाव किती वाढला आणि शाळेतल्या मुलांना अंडे द्यायचे की नाही. ते अंडे देणारी कोंबडी कुठे आणि कशी राहते, हा प्रश्न मागेच राहतो. गेल्या काही वर्षांत मात्र तो विधी आयोग, उच्च न्यायालय आणि केंद्र सरकारच्या नियमांच्या मसुद्यापर्यंत पोहोचला आहे. या वादाच्या मध्यभागी एक आकडा आहे : ५५० चौरस सेंटिमीटर. एका कोंबडीला किमान एवढी जागा मिळावी, असे केंद्राच्या २०१९ च्या मसुद्यात म्हटले होते. ही जागा पुरेशी आहे का, ती देणे कोणाला परवडणार आणि जगात हाच आकडा आधी कोणी वापरून पाहिला, हे समजून घ्यायला हवे.

भारतात अंडी येतात कुठून?

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले. अंडी उत्पादनात भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. माणशी हिशेब केला तर वर्षाला साधारण १०३ अंडी होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस वर्षाला १८० अंड्यांची आहे. म्हणजे मागणी अजून बरीच वाढायची आहे.

उत्पादनात आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि तेलंगणा आघाडीवर आहेत. तमिळनाडूतील नामक्कल हे तर अंड्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. महाराष्ट्राची गरज राज्यातल्या उत्पादनात भागत नाही. राज्यात रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खाल्ली जातात आणि उत्पादन एक ते सव्वा कोटींच्या घरात आहे, असे पशुसंवर्धन विभागाने २०२३ च्या सुरुवातीला सांगितले होते. उरलेली अंडी शेजारच्या राज्यांतून येतात. दुसरीकडे, अंड्यांचे रोजचे दर सुचवणाऱ्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे, म्हणजे ‘एनईसीसी’चे, मुख्यालय पुण्यात आहे. व्यापारी उत्पादन खर्चाच्याही खाली भाव देत, त्याविरुद्ध कुक्कुटपालक एकत्र आले आणि १९८२ मध्ये ही समिती उभी राहिली.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून ८५ कोटींहून अधिक होते. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसबागेतले, म्हणजे घरामागच्या खुराड्यात राहणारे आणि दिवसभर उकिरडा उकरणारे. बाजारातली बहुतेक अंडी मात्र त्यांची नसतात. ती मोठ्या शेडमधून येतात आणि तिथे पिंजरे असतात.

बॅटरी पिंजरा म्हणजे काय?

या नावाचा विजेच्या बॅटरीशी संबंध नाही. एकसारख्या पिंजऱ्यांची एकाला एक लागून केलेली रांग, म्हणून ‘बॅटरी’. तारेच्या जाळीचे हे पिंजरे एकावर एक किंवा पायऱ्यांसारखे मांडतात. तळ थोडा उतरता असतो, त्यामुळे अंडे घरंगळत पुढच्या पन्हळीत येते. विष्ठा जाळीतून खाली पडते. समोर खाद्य, वर पाण्याचे निपल. कमी मजुरांत हजारो कोंबड्या सांभाळता येतात, अंडे विष्ठेत पडत नाही आणि आजारी पक्षी लवकर लक्षात येतो. कुक्कुटपालकांनी हे पिंजरे स्वीकारले, त्यामागे ही कारणे आहेत.

भारतात एका कोंबडीमागे ४५० चौरस सेंटिमीटर जागेचा हिशेब रूढ आहे. ही जागा किती? कार्यालयात छपाईला वापरतात तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाच्या जेमतेम पाऊण भागात एक कोंबडी. अठरा-वीस आठवड्यांची तलंग अंडी द्यायला लागते तेव्हापासून पुढचे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ती तिथेच असते. अंडी कमी झाली की तिला मांसासाठी विकतात. त्या दिवशी ती पिंजऱ्याबाहेर येते.

कोंबडीला त्रास होतो, हे कशावरून?

गावात कोंबड्या पाळलेल्यांना याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. अंडे द्यायची वेळ झाली की कोंबडी अस्वस्थ होते, आडोसा शोधते. दुपारी मातीत लोळून पिसांत धूळ घेते. दिवसभर पायाने जमीन उकरते आणि संध्याकाळी उंचावर, दांडीवर जाऊन बसते. शेडमधल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचे खुडूक बसणे माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जवळपास घालवले, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. आडोसा, धूळ आणि दांडीची ओढ मात्र तिच्यात शिल्लक आहे. पिंजऱ्यात या तिन्ही गोष्टी नसतात.

उरलेले अर्धे उत्तर मोजमापांतून मिळते. ब्रिटनमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपकिरी कोंबडीला वेगवेगळ्या हालचालींसाठी किती जागा लागते, हे वरून छायाचित्रे घेऊन मोजले गेले. नुसते उभे राहायला सव्वाचारशे ते सहाशे चौरस सेंटिमीटर लागले. पंख फडफडवायला ८६० पासून जवळजवळ २००० पर्यंत. आपल्याकडची पांढरी लेगहॉर्न त्या जातीपेक्षा हलकी असते, हे खरे. तरीही ४५० मध्ये पंख पसरता येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न हाडांचा. कोंबडीचा मूळ पूर्वज असलेला रानकोंबडा आजही जंगलात आहे. त्याची मादी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आजची व्यापारी कोंबडी तीनशेच्या आसपास देते. प्रत्येक कवचात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम जाते. खाद्यातून ते पुरले नाही तर हाडांतून काढले जाते. त्यात हालचाल नाही, त्यामुळे हाडे आणखी ठिसूळ होतात. शेवटी विक्रीच्या वेळी पिंजऱ्यातून ओढून काढताना अनेक कोंबड्यांची हाडे मोडतात.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११(१)(ई) नुसार, हालचालीची वाजवी संधी मिळेल इतकी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात कोणताही प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. ‘कोणताही प्राणी’ या शब्दांत कोंबडीही येते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने याच कलमाच्या आधारे २०१२ मध्ये राज्यांना कळवले होते, की बॅटरी पिंजरे वापरू नयेत आणि असलेले २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करावेत. पण ती सूचना होती, बंधनकारक नियम नव्हता. २०१७ आले आणि गेले. पिंजरे राहिले.

त्याच वर्षी जुलैमध्ये विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल अंडी देणाऱ्या आणि मांसासाठीच्या कोंबड्यांवर दिला आणि वेगळ्या नियमांची गरज मांडली. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’ना १९६० च्या कायद्याच्या चौकटीत स्थान दिले होते. भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, तसेच नैसर्गिक वर्तनाची मोकळीक ही ती पाच. पुढे बैलांच्या शर्यतींबाबत कायदे बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ते वैधही ठरवले, पण १९६० चा मूळ कायदा कायम आहे.

मग कारवाई का दिसत नाही? एक उत्तर दंडाच्या रकमेत आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम आज डझनभर अंड्यांनाही पुरणार नाही. दुसरे उत्तर ‘वाजवी’ या शब्दात आहे. वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. ते आकड्यात सांगण्यासाठी नियम हवेत. दिल्ली उच्च न्यायालयातील याचिकांच्या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा आणला आणि त्यात ५५० चा आकडा आला.

हा आकडा आधी कोणी वापरला?

युरोपीय संघाने. १९९९ च्या निर्देशाने तिथे ठरले, की १ जानेवारी २००३ पासून साध्या पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यायची आणि असे नवे पिंजरे बसवायचे नाहीत. त्याच निर्देशात पुढची तारीखही होती. १ जानेवारी २०१२ पासून साधे पिंजरे पूर्ण बंद. युरोपसाठी ५५० हा केवळ नऊ वर्षांचा मधला थांबा होता, आणि आधीपासून जाहीर केलेला.

२०१२ नंतर तिथे ‘समृद्ध’ पिंजऱ्यांना परवानगी राहिली. त्यात प्रत्येक कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर, बसायला दांडी, अंडे द्यायला आडोसा आणि उकरायला थोडी जागा असावी लागते. बारा वर्षांची मुदत असूनही २०१२ उजाडले तेव्हा तेरा देशांची तयारी अपुरी होती. काही महिने अंड्यांचे भाव चढले, मग खाली आले.

पण युरोपची गोष्ट तिथे संपली नाही. पिंजरेच नकोत, या मागणीवर युरोपात सुमारे १४ लाख लोकांनी सह्या केल्या. जून २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने २०२३ अखेरपर्यंत तसा कायदा मांडण्याचे आश्वासन दिले आणि ते वेळेत पाळले नाही. बाजार मात्र पुढे गेला. आज युरोपीय संघातल्या ६० टक्क्यांहून अधिक कोंबड्या पिंजऱ्याबाहेर आहेत. ज्या शेतकऱ्यांनी २०१२ च्या आधी कर्ज काढून समृद्ध पिंजरे बसवले, त्यांच्यापुढे ते मोडण्याची वेळ येते आहे.

भारतासाठी धडा इथे आहे. पोल्ट्रीची शेड एकदा उभारली की पंधरा-वीस वर्षे टिकते, कर्जाचे हप्तेही बरीच वर्षे चालतात. मागणी वाढतेच आहे, त्यामुळे पुढच्या काळातल्या बऱ्याच शेड अजून उभ्या राहायच्या आहेत. आज ५५० प्रमाणे पिंजरे बसवले आणि दहा वर्षांनी नियम पुन्हा बदलला, तर खर्च दोनदा होईल आणि तो शेतकऱ्याच्याच माथी येईल. युरोपने निदान पुढची तारीख आधी सांगितली होती. तारखेशिवाय नुसता आकडा घेतला तर कोंबडीला चार बोटे जागा वाढते आणि शेतकऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही.

पिंजरा काढला की प्रश्न सुटतो का?

सगळा नाही. मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या चालतात, दांडीवर बसतात, लाकडाच्या भुशात उकरतात. पण हजारोंच्या कळपात एकमेकींना टोचणे वाढू शकते, कधी घाबरून एका कोपऱ्यात गर्दी होते आणि कोंबड्या गुदमरतात. टोचणे टाळण्यासाठी चोचीचे टोक कापण्याची पद्धत पिंजऱ्यात आहे तशी बाहेरही आहे. विष्ठेशी संपर्क आल्याने जंतांचा त्रास वाढतो. अशा शेड सांभाळायला अधिक कसब लागते.

हाडांचे दुखणेही पिंजऱ्याबरोबर जात नाही. डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवेगळ्या पद्धतींनी पाळलेल्या सुमारे ४,८०० कोंबड्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी जवळपास ८५ टक्के कोंबड्यांच्या छातीचे हाड मोडलेले होते. लहान चणीच्या पक्ष्याने मोठी अंडी लवकर द्यायला लागणे, हे त्यामागचे एक कारण मानले गेले. म्हणजे जागेबरोबर जातीचा प्रश्नही आहे. अंडी किती, याबरोबर हाडे किती मजबूत, हेही पैदास करताना पाहावे लागेल.

नर पिल्लांचे तर पिंजऱ्याशी काहीच देणेघेणे नाही. अंड्यांच्या जातीचा कोंबडा अंडी देत नाही आणि मांसासाठी लवकर वाढत नाही. त्यामुळे उबवणूक केंद्रात पहिल्याच दिवशी नर पिल्ले वेगळी काढून मारली जातात. जगभरात ही संख्या वर्षाला काही अब्ज मानली जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही पद्धत बंद केली. आता तिथे अंड्यातच नर की मादी हे ओळखून नर अंडी आधीच बाजूला काढण्याचे तंत्र वापरतात. अंडे मोकळ्या कोंबडीचे असो वा पिंजऱ्यातल्या, हा हिशेब दोन्हींच्या मागे असतो.

बर्ड फ्लूचे काय?

भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापूरला तोच अनुभव पुन्हा आला. कोंबडी बंदिस्त असली की रानपक्ष्यांशी संपर्क येत नाही, हा पिंजऱ्याच्या बाजूचा मुद्दा आहे आणि त्यात तथ्य आहे. मात्र पिंजरा आणि बंद शेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंजऱ्याविना पण बंद शेडमध्ये कोंबड्या ठेवता येतात. शिवाय विषाणू आत शिरलाच तर एका जागी लाखो पक्षी असणे हाच मोठा धोका ठरतो, हे नवापूरने दोनदा पाहिले आहे.

कुक्कुटपालकांचे म्हणणे काय?

अंड्याच्या खर्चात दोन तृतीयांशाहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि खाद्यात मका व सोयाबीनची पेंड मुख्य. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून तो भाव कुक्कुटपालकांच्या हातात राहिलेला नाही. उन्हाळ्यात आणि श्रावणात अंड्याचे दर पडतात, तेव्हा अनेकदा खर्चही निघत नाही. अशा वेळी त्याच शेडमध्ये कमी कोंबड्या ठेवा, अंडी गोळा करायला जास्त माणसे लावा आणि हिंडणाऱ्या कोंबडीला जास्त खाद्य घाला, असे सांगणे म्हणजे नफ्याची होती नव्हती ती फटही बुजवणे, अशी त्यांची तक्रार आहे. ती खोटी नाही.

गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही, असेही नाही. ‘गावरान’ म्हटले की अंड्याला दुप्पट भाव मिळतो. पण ते अंडे खरेच मोकळ्या कोंबडीचे आहे का, हे तपासायला मार्ग नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. युरोपात प्रत्येक अंड्यावर शून्य ते तीन असा आकडा छापावा लागतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर हिंडणारी, दोन म्हणजे शेडमध्ये मोकळी आणि तीन म्हणजे पिंजऱ्यातली. भारतात अशी सक्ती नाही. त्यामुळे खरोखर मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्याला वाढीव भाव मिळेलच, याची खात्री नाही आणि फसवणाऱ्याला अडवणारे कोणी नाही.

गरिबाचे अंडे महाग होईल का?

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. सहा ग्रॅम चांगली प्रथिने इतक्या कमी पैशांत देणारे दुसरे अन्न सहज मिळत नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांसाठी केळे, सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगितले. ज्या मुलाच्या ताटातले आठवड्याचे एक अंडेही टिकत नाही, त्याच्यासाठी रुपया-दोन रुपयांची वाढसुद्धा मोठी असते.

भाव भडकले की राजकारण कसे फिरते, हे अमेरिकेत दिसले. बर्ड फ्लूमुळे मार्च २०२५ मध्ये तिथे डझनाचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला. पिंजराबंदीचा कायदा केलेल्या नेवाडा राज्याने तो काही काळ स्थगित केला. जुलैमध्ये तिथल्या केंद्र सरकारने कॅलिफोर्नियाच्या अंड्यांसंबंधीच्या कायद्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. भाववाढीचे मुख्य कारण साथ हेच होते, पण आरोप कोंबडीच्या जागेवर आला.

भाव आणि जागा यांचा संबंध आहे, हे नाकारून उपयोग नाही. प्रश्न एवढाच, की वाढीव खर्च कोणी उचलायचा. आज तो कोंबडी उचलते. उद्या तो पूर्ण शेतकऱ्यावर किंवा पूर्ण गरीब गिऱ्हाइकावर टाकला, तर नियम कागदावरच राहील.

पुढे काय होऊ शकते?

काही गोष्टी पिंजरा मोडण्याआधीही करता येतात. अंड्याच्या खोक्यावर कोंबडी कशी ठेवली होती, हे छापणे बंधनकारक केले तर निदान शहरातल्या गिऱ्हाइकाचा जादा पैसा योग्य शेतकऱ्याकडे जाईल. नव्या शेडसाठी मिळणारे कर्ज किंवा अनुदान मोकळ्या पद्धतीला आधी देता येईल. महाराष्ट्राला रोज एक कोटी अंडी कमी पडतात, तेव्हा नव्या शेड इथे उभ्या राहणारच आहेत. २०२३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी राज्याने जी योजना मांडली होती, तिच्यात मात्र सवलतीच्या दरात कोंबड्यांबरोबर पिंजरेही होते. शाळा आणि अंगणवाड्यांची अंडी गावातल्या बचत गटांकडून, परसबागेतल्या कोंबड्यांची घेतली तर वाढीव भावाचा भार सरकारी तिजोरीवर येईल, मुलांवर नाही.

आणि या सगळ्याआधी एक गोष्ट हवी : तारीख. कोणत्या वर्षानंतर नवा पिंजरा बसवता येणार नाही आणि कोणत्या वर्षी जुना काढावा लागेल, हे आज कळले तर शेतकरी आजच्या कर्जाचा हिशेब त्याप्रमाणे मांडू शकतो. १९६० च्या कायद्याने कोंबडीला ‘हालचालीची वाजवी संधी’ देऊ केली, त्याला साठ वर्षे उलटून गेली. ए-फोर कागदाहून लहान जागेत ती संधी मिळते का, याचे उत्तर नियम करणाऱ्यांना कधीतरी स्पष्ट शब्दांत द्यावे लागेल.